फाटकाकडची अकरा झाडं

दादानं एक पान तोडलं, उलटंसुलटं करून पाहिलं, मातीत टाकलं आणि म्हणाला, "मेली बाग."

"मयतीच्या घरी इतक्या मोठ्यानं बोलत नाईत," मी म्हणाले.

"मजाक सुचून राह्यली तुले, कुंदे?"

मला मजाक सुचत नव्हती. पण दादासमोर घाबरलेलं दिसणं म्हणजे त्याचं अर्धं काम आपणच करून देणं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. म्हणून मी हसले.

जानेवारीतली दुपार होती. मोटरघराच्या सावलीत आम्ही दोघं उभे होतो आणि समोर आमची चारशे संत्र्याची झाडं. एकाही झाडाचं पान सपाट नव्हतं. सगळी पानं दोन्ही कडांनी आत वळली होती, पोळी दुमडावी तशी. मातीला भेगा पडल्या होत्या. वाऱ्यानं पानं हलली की ओल्या पानांचा सळसळाट व्हायचा तसा होत नव्हता, कागद चुरगळल्यासारखा आवाज येत होता.

"छत्तीस दिवस झाले झाडाले पानी नाई," दादा म्हणाला. "भगवंतरावानं आठ दिवसांआधी सोडलं. त्याची बाग पाह्य, कशी हिरवीगार हाय."

"हिरवीगारच राहीन मंग. फुलन नाई."

"तुले कोनं सांगतलं?"

"झाडानं," मी म्हणाले, आणि दादा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटून स्कूटरकडे निघून गेला.

हे सगळं नीट सांगायला हवं, कारण संत्र्याची बाग न पाहिलेल्या माणसाला वाटेल, पाणी असून झाडाला न देणारी ही बाई म्हणजे कसाईच. आमच्या वरूडकडे संत्र्याला ताण देतात. फेब्रुवारीत आंबिया बहाराची फुलं हवी असतील तर डिसेंबरात पाणी बंद करायचं. झाड तहानेनं व्याकूळ होतं, त्याची वाढ थांबते, थोडी पानं झडतात, आणि मग एक दिवस पाणी सोडलं की ते अंगभर फुलतं. याला ताण तोडणं म्हणतात. ताण लवकर तोडला तर नुसती पालवी फुटते, फूल नाही. उशिरा तोडला तर झाडच जातं. सगळा खेळ तो एक दिवस ओळखण्याचा. तो दिवस पंचांगात सापडत नाही.

बाबा तो दिवस तीस वर्षं ओळखत आले होते. पाठीमागे हात बांधून बागेतून फिरायचे आणि एका सकाळी म्हणायचे, "आज सोडा." कसं ओळखता म्हणून विचारलं तर एकच उत्तर, "समजते." एवढ्या मोठ्या विद्येचं एवढंच पाठ्यपुस्तक.

त्या वर्षी पाणी बंद करून महिना होत आला आणि बाबांचा डोळा एकदम गेला. एका डोळ्याचा मोतीबिंदू जुनाच होता, आता दुसराही पिकला. अमरावतीला नेऊन त्यातल्या बऱ्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. वर हिरवी पट्टी. डॉक्टरांनी बजावलं, चाळीस दिवस धूळ नको, ऊन नको, वाकणं नको, शेतात पाय ठेवायचा नाही. बाबा घरात बाजेवर, बाग अर्ध्या कोसावर, आणि ताण तुटायचा राहिलेला.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. नवऱ्याचं घर सोडून मला तीन वर्षं झाली होती. का सोडलं ते इथं सांगत नाही, कारण ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांनाही सांगितलं नव्हतं. आल्यापासून बागेत बाबांच्या मागे मागे फिरत होते. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ वासुदेव, अमरावतीला नोकरीत होता. त्याचा बेत ठरलेला होता. बाग शेजारच्या भगवंतरावांना कसायला द्यायची, आईबाबांना अमरावतीला न्यायचं आणि माझी सोय लावायची. सोय म्हणजे एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकघर सांभाळायचं. त्यानं तिथं बोलूनही ठेवलं होतं.

ऑपरेशनला निघताना मी बाबांना गाडीतच गाठलं. "मले पाहू द्या ताण," म्हटलं. "मी पाह्यते."

दादा पुढच्या सीटवरून वळून म्हणाला, "अन् बिघडला तं?"

बाबांनी हात वर करून त्याला थांबवलं. मग म्हणाले, "या साली ताण कुंदा पाह्यते. बहार आला तं बाग तिच्या हाती. नाई आला तं वासू म्हन्ते तसं करू."

तेव्हा माझ्यापुढे सरळ हिशेब होता. फूल आलं तर बाग, नाही तर वसतिगृहातल्या दीडशे पोरींच्या पोळ्यांची कणीक.

बाबांसारखं 'समजते' म्हणायची माझी लायकी नव्हती. पण बारावीला मी शास्त्र घेतलं होतं, आणि आमच्या मॅडमनी एकदा कॉलेजच्या अंगणात जास्वंदीच्या फांदीला प्लास्टिकची पिशवी बांधून दाखवलं होतं, की मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून कसं हवेत जातं. तासाभरात पिशवीच्या आत दव धरलं होतं. त्या वेळी आम्ही पोरी खिदळलो होतो. आता तेच मला आठवलं. विहिरीजवळच्या एका झाडाच्या फांदीला मी पिशवी बांधली. पहिल्या दिवशी तिच्यात अर्धी वाटी पाणी साचलं. रोज मोजायचे. हळूहळू कमी होत गेलं. दादा बाग मेली म्हणाला त्या दिवशी दोन चमचे भरलं.

पण भरलं. मेलेलं झाड पाणी टाकत नाही. आणि दुसरी गोष्ट मी पहाटे पाहिली होती. दुपारी दुमडलेली पानं पहाटे पुन्हा सपाट व्हायची. दिवसभर ऊन पानांतून पाणी ओढून घेतं, मुळं तेवढं पुरवू शकत नाहीत, म्हणून पान अंग चोरतं. रात्री ऊन नसतं. मुळं आपली निवांत ओढत बसतात आणि सकाळपर्यंत पान भरून येतं. मी मनाशी ठरवलं, जोवर पहाटे पान उघडतंय तोवर झाडाच्या अंगात दम आहे. ज्या पहाटे उघडणार नाही, त्या पहाटे मोटर सुरू.

त्याच संध्याकाळी पिशवीतलं पाणी वाटीत घेऊन मी घरी गेले. बाबा बाजेवर भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांचं बोट धरून वाटीत बुडवलं.

"काय हाय?"

"तुमच्या झाडाचं पानी. आज दिवसभरात टाकलेलं. अजून ओढून राह्यलं झाड."

बाबांनी बोट चोळून पाहिलं, नाकाशी नेलं, जिभेला लावलं. "एवढंसंच?"

"एवढंसंच. पन हाय."

ते हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच हसले असतील. दारात उभा असलेला दादा काही हसला नाही. त्याला रजा फक्त चार दिवसांची होती आणि चार दिवसांत त्याला हा विषय मिटवायचा होता.

दोन दिवसांनी मी बागेतून आले तर ओसरीत वेगळीच हवा. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. दादा खुर्चीवर. बाबांच्या मांडीवर दहा-बारा पानं. ते एकेक पान अंगठा आणि बोटात धरून दुमडत होते. पान दुमडलं की पापडासारखं मोडत होतं. मला तो आवाज ओसरीच्या पायरीवर ऐकू आला.

"कुंदे," बाबा म्हणाले, "सोड पानी. आज. आत्ता."

"बाबा, पहाटे पान सपाट होतं."

"हे पान तुले सपाट वाटते?" त्यांनी एक पान माझ्या दिशेनं फेकलं. ते माझ्यापर्यंत आलंही नाही.

"दुपारी तोडलं असन यानं."

"सकाळीच तोडलं," दादा म्हणाला. "आठ वाजता. माह्या हातानं."

माझा विश्वास बसेना. सकाळी साडेपाचला मी स्वतः विहिरीजवळच्या झाडांची पानं बोटांत धरून पाहिली होती. मऊ होती, पण उघडलेली होती. आठ वाजेपर्यंत ती इतकी वाळतील कशी? मला एकच दिसलं, दादा खोटं बोलतोय. कालच्या दुपारची पानं सकाळची म्हणून आंधळ्या बापाच्या हातात देतोय.

"मी नाई सोडत," मी म्हणाले.

बाबांनी पट्टी बांधलेला चेहरा माझ्याकडे वळवला. "काय म्हनलं?"

"नाई सोडत पानी. ताण तुमी मले पाहाले सांगतला. मी पाहून राह्यली. अजून आठ दिवस तरी दम हाय झाडात."

"बाग माही हाय, पोरी."

"व्हय. म्हनूनच मरू देत नाई."

आई म्हणाली, "बापाचं आयकावं थोडं, माय."

"बापाचं आयकलं होतं," मी म्हणाले, "म्हनून तं दोन वर्षं त्या घरी राह्यली."

हे मी बोलायला नको होतं. बाबांनी मांडीवरची पानं हातानं झटकली आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. दादा उठला, स्कूटरची किल्ली खुंटीवरून घेतली. मी त्याच्या आधी बांधावरून पळत सुटले. तो रस्त्यानं स्कूटर घेऊन येणार, मी पायवाटेनं. मी आधी पोहोचले. स्टार्टरची पेटी उघडली, तिन्ही फ्यूज उपसले आणि पदराच्या गाठीत बांधले.

दादा आला तेव्हा मी पेटीला पाठ लावून उभी होते.

"दे."

"नाई."

"बाबांनी सांगतलं तरी नाई?"

"बाबांना दिसत नाई. तुले दिसते पन समजत नाई. मंग कोनाचं आयकू?"

त्यानं हात उगारला. खाली घेतला. तो वाईट माणूस नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्याला खरंच वाटत होतं की मी बापाची तीस वर्षं जाळतेय. "सगळं गाव पाह्यते," तो म्हणाला. "झाडं मेली तं त्यातलं एकेक तुह्या नावावर लागन. ध्यानात ठेव."

"लागू दे," मी म्हणाले.

त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. माझ्या हातचा चहा घेतला नाही. आईनं कप नेऊन दिला की विचारायचे, "कोनं केला?" ती खोटं बोलायची, "मीच." दादाची रजा संपली तरी तो रविवारी पुन्हा आला. भगवंतराव बांधावर येऊन उभे राहायचे, जिभेनं चुकचुक करायचे आणि निघून जायचे. एकदा म्हणाले, "पोरी, झाड काई बोलत नाई म्हनून त्याच्यावर राग काढू नये मानसानं." मी म्हटलं, "काका, तुमच्या बागेत फुलं दिसली की सांगा, पाहाले येते." ते पुन्हा आले नाहीत.

बाहेरून मी अशी होते. आतून रोज रात्री मला स्वप्नात चारशे खराटे उभे दिसायचे.

पहाटे पाचला उठून बांधावरून विहिरीकडे जायचं. अंधुक उजेडात त्या ठरावीक पाच-सहा झाडांची पानं चाचपायची. उघडलंय? उघडलंय. मग श्वास सोडायचा. दिवसा पिशवीतलं पाणी मोजायचं. एक चमचा. मग अर्धा. दुपारी सगळ्या बागेतून फिरायचे, पण दुपारी काय कळणार, दुपारी सगळी बाग सारखीच दुमडलेली असायची.

दहाव्या पहाटे मी पान हातात धरलं आणि ते उघडलेलं नव्हतं. दुसरं झाड. नाही. तिसरं. नाही. पिशवीत आदल्या दिवशीचं नुसतं धुकं होतं. पाण्याला सत्तेचाळीस दिवस झाले होते. मी पळत मोटरघरात गेले. घाईत फ्यूज खाचेत बसेनात. बसवले. हिरवं बटण दाबलं. पाइपातून आधी हवा, मग गढूळ लाल पाणी, मग स्वच्छ पाणी धो धो दांडात, मातीच्या पाटात पडलं आणि मी तिथंच दांडाच्या काठावर बसकण मारली.

बाबा दर साली पहिलं पाणी थेट दांडानं बागेच्या दुसऱ्या टोकाला न्यायचे, रस्त्याकडच्या फाटकापाशी, आणि तिथून मागे मागे विहिरीकडे येत भिजवायचे. मला ते म्हातारपणीचं खूळ वाटायचं. पाणी जवळच्या झाडांवरून पुढं न्यायचं आणि मग परत आणायचं, कशासाठी? मी विहिरीजवळून सुरुवात केली. फाटकाशी पाणी पोहोचायला वीज जाऊन येऊन चार दिवस लागले.

त्यानंतर काहीच झालं नाही. बारा दिवस काहीच नाही. पानं सपाट झाली, बस. तेराव्या दिवशी फांद्यांच्या कोवळ्या बेचक्यांत मोहरीएवढे हिरवे दाणे दिसले. मी कुणाला सांगितलं नाही. पालवीचे असले तर? आणखी चार-पाच दिवसांनी ते पांढरे झाले. मग एका सकाळी बांधावर चढण्याच्या आधीच वास आला. मी बागेत शिरले तर पानं दिसत नव्हती. विहिरीपासून जिथपर्यंत नजर जाईल तिथपर्यंत पांढरंच पांढरं, आणि मधमाश्यांचा असा गुंजारव की आपला आवाज आपल्याला ऐकू येऊ नये. मी मोठ्यानं ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. बहुतेक शिवीच दिली असेल, दादाला.

ओरडत, फुलांना हात लावत मी फाटकापर्यंत गेले.

फाटकाजवळची झाडं फुललेली नव्हती. पानं झडलीही नव्हती, ती तशीच फांदीला चिकटून तपकिरी झाली होती. मी एका खोडाची साल नखानं खरवडली. आत हिरवं नव्हतं. दुसरं झाड. तिसरं. मोजत गेले. अकरा.

मी तिथं खाली बसून रडले. लाजेनं रडले आणि रागानंही. मग कुदळ आणून त्यातल्या एका झाडाच्या बुडाशी खणलं. दीड हात काळी माती, आणि खाली टणक मुरूम. कुदळीला ठिणगी उडाली. विहिरीच्या कडेला हीच काळी माती दोन पुरुष खोल होती, विहिरीच्या आत वाकून पाहिलं की दिसायची. तिथल्या झाडांना सत्तेचाळीस दिवस खालून ओल मिळाली. फाटकाजवळच्या झाडांचं मडकं लहान होतं आणि ते केव्हाच रितं झालं होतं. मी एका टोकाचं झाड पाहून सगळ्या बागेचा निवाडा केला होता. ज्याला मी खूळ समजत होते ते, बाबा पाणी आधी इथं का आणायचे, मला आता समजलं. त्यांनी कधी तोंडानं सांगितलं नाही, कारण पाय आपोआप इकडे वळत असतील तर माणूस सांगणार काय?

घरी गेल्यावर मी बाबांना एवढंच म्हणाले, "बहार आला. अन् फाटकाकडची अकरा झाडं मेली." त्या संध्याकाळी आईनं त्यांना कप नेऊन दिला. चहा कोणी केला ते त्यांनी विचारलं नाही.

चाळीस दिवस पूर्ण झाले, पट्टी निघाली, काळा चष्मा आला. बाबांना पहिल्यांदा बागेत नेलं तो रविवार होता. दादा अमरावतीहून आला होता, त्यानं बाबांना स्कूटरवर फाटकाशी आणलं. भगवंतराव आधीच तिथं हजर. मी बांधावरून पोहोचले तेव्हा तिघं त्या वाळलेल्या झाडांपाशी उभे होते आणि मागे सगळी बाग फुललेली होती.

भगवंतराव बागेकडे बघून म्हणाले, "गुलाबराव, मानलं तुमाले. असा बहार पंचक्रोशीत नाई. माह्या बागेत तं नुसती पालवी."

"बाबांचा ताण हाय, काका," दादा म्हणाला. "घरात बसून पानं चाचपून सांगतलं त्याईनं. अन् हे," त्यानं वाळलेल्या झाडाची फांदी धरली, ती हातात मोडून आली, "हे आमच्या कुंदाचं काम. पानी सोड म्हनलं तं फ्यूज पदरात बांधून बसली."

बाबा काही बोलतील म्हणून मी थांबले. ते बोलले नाहीत, तेव्हा माझ्या डोक्यात जाळ झाला.

"दादा, किती झाडं मेली?"

"अकरा. मोजली म्या."

"ते अकरा मी मारली. कोनी विचारलं तं मीच सांगन. पन ते माही असतीन, तं ते मांगं फुलली, तीनशे एकोणनव्वद, तेबी माहीच हायेत. मरतीन ते कुंदाची अन् फुलतीन ते बाबांची, असा वाटा मी घेत नाई."

भगवंतराव चपलेनं माती उकरायला लागले. दादा लाल झाला. "बाबांनी सांगतलं तेव्हाच पानी सोडलं असतं तं हे अकराबी जगली असती!"

"व्हय, जगली असती," मी म्हणाले. "अन् बाकीच्याईले पालवी फुटली असती, काकांच्या बागेसारखी. एक सांग. त्या सकाळी पानं कोन्त्या झाडाची तोडली?"

"बागेतलीच."

"बागेत कोठची?"

तो गोंधळला. त्याला खरंच कधी प्रश्न पडला नव्हता. "मी स्कूटरनं आलो ना. इथूनच शिरलो. इथलीच तोडली, फाटकाजवळची."

बाबांनी चष्मा काढला. नव्या डोळ्यानं आधी दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खूप दिवसांनी ते माझ्याकडे बघत होते, आणि तो डोळा लाल, पाणावलेला होता. उन्हानं असेल.

"मी पुसलंच नाई," ते म्हणाले. "कोठचं पान ते पुसाले पाह्यजे होतं. तीस वर्षं इथून सुरू करतो पानी, अन् पान हातात आल्यावर पुसलंच नाई." मग भगवंतरावांकडे वळले. "माहा ताण नाई हा, भगवंतराव. मी तं पानी सोड म्हनलं होतं. हे पोरगी आयकलीच नाई."

दादा म्हणाला, "मंग काकांशी ठरलेलं?"

डॉक्टरांनी आणखी काही दिवस वाकू नका म्हटलं होतं, तरी बाबा वाकले. एका वाळलेल्या झाडाच्या बुडाशी बसून साल नखानं खरवडली. मग शेजारच्या झाडाची. ही झाडं त्यांनी माझ्या जन्माच्याही आधी लावली होती. ते तिसऱ्या झाडाकडे गेले नाहीत.

"हे उपटून टाक," ते मला म्हणाले. दादाला नाही, मला. "आषाढात नवी कलमं लाव."

"लावन. पन संत्रा नाई लावत इथं."

"मंग?"

"बोर लावन. दीड हातावर मुरूम हाय, संत्रा इथं दर साली तहानलेलाच राहीन. बोरीचं मूळ मुरमातूनबी वाट काढते. पान लहान, पानी कमी टाकते. उन्हाळ्यात तं पानंच झाडून टाकते अन् झोपून राह्यते."

"संत्र्याच्या बगीच्यात बोरी?" भगवंतरावांना राहवलं नाही. "फाटकाशीच? येनाऱ्या-जानाऱ्याले तेच दिसन आधी. लोकं हासतीन, पोरी."

"हासू द्या," मी म्हणाले.

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. दादानं हात पुढं केला होता, तो त्यांनी घेतला नाही. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, त्या अकरा झाडांच्या ओळीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "गोड जातीचं बोर लावजो मंग."